आधी धडा करा

“आधी धडा कर,” गल्ल्यावरून शेठ म्हणाले. काट्यापाशी उभा असलेला पोरगा गोंधळला. माझ्या हातातला स्टीलचा डबा, समोरचं तूरडाळीचं पोतं आणि शेठ अशा तिघांकडे त्यानं आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, “कुठला धडा?”

मला हसू आवरेना. शेठ मात्र हसले नाहीत. उठले, रिकामा डबा झाकणासकट काट्यावर ठेवला. आकडा आला ४१२. एक बटण दाबलं, आकडा शून्य झाला. “हा धडा. आता भर.”

पोरगा असेल सतरा-अठरा वर्षांचा. शाळेच्या पुस्तकाबाहेरचा धडा त्याच्या कानावर कधी पडलाच नसणार. आयुष्यभर त्यानं पाकिटं मोजून दिली, त्याला भांड्याचं वजन कशाला वजा करावं लागलं असेल?

जुन्या तराजूला दोन पारडी होती तेव्हा धडा डोळ्यांना दिसायचा. गिऱ्हाइकाचं भांडं एका पारड्यात आणि दुसऱ्यात त्या भांड्याच्या तोलाचं काहीबाही: चपटा दगड, दोन खिळे, गंजका नट, अगदी एवढासा फरक राहिला तर चिंचोका. दांडी सरळ झाली की मग खरी वजनं निघायची. तेलाला किटली नेली की धडा, तुपाला बरणी नेली की धडा. नारायण पेठेत आमच्या वाड्यासमोरच्या दुकानात एका फुटक्या कुंडीत असे धड्याचे दगड जमवून ठेवलेले असत. आम्हा पोरांना वाटायचं, प्रत्येक घराचा दगड वेगळा आहे. पैसे मालाचे द्यायचे, भांड्याचे नाहीत, इतकी साधी गोष्ट. पण ती रोज, प्रत्येक गिऱ्हाइकासमोर, उघड्यावर करून दाखवावी लागे. नाहीतर “काटा मारतो” म्हणून दुकानाची बदनामी व्हायला एक दुपार पुरायची.

डबे घेऊन दुकानात जायचं हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते दोन वर्षांपूर्वी, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी ‘स्वच्छ’च्या. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली उभी राहिली, बाबा आढावांच्या पुढाकारानं. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासद घरोघरचा कचरा उचलू लागल्या. उकिरड्यावर वाकणाऱ्या बाया आता दारात येऊन बेल वाजवतात. आम्ही ओला-सुका वेगळा करून देतो, याचा आम्हाला कोण अभिमान! सोसायटीच्या सभेत टाळ्यासुद्धा झाल्या होत्या.

त्या दिवशी लिफ्ट बंद होती म्हणून मी खालीच थांबले आणि मावशींचं काम पहिल्यांदा नीट बघितलं. सुका कचरा जमिनीवर ओतून त्या वेगळा करत होत्या. पुठ्ठा इकडे, बाटल्या तिकडे, दुधाच्या पिशव्या एकावर एक. आणि मधोमध एक ढीग चकचकीत पाकिटांचा, कुरकुऱ्यांची, बिस्किटांची, मसाल्यांची, शांपूच्या पुड्यांची. त्याला त्यांनी हातच लावला नव्हता. मी विचारलं, “हे कुठे जातं?”

“याला भाव न्हाई, ताई. भंगारवाला घेत न्हाई. वजनाला बी भरत न्हाई. हे निस्तं उचलायचं.”

‘हे निस्तं उचलायचं’ हे शब्द माझ्याबरोबर चार जिने वर आले. अशा पाकिटात प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ओल लागू नये, वास उडू नये, कुरकुरीतपणा टिकावा म्हणून ती करामत, आणि तिच्यामुळेच ते थर पुन्हा सुटे करणं परवडत नाही. पाकिटावर ‘निव्वळ वजन’ छापलेलं असतं. कायद्यानंच छापावं लागतं, वेष्टनाचं वजन धरायचं नाही. म्हणजे धडा कारखान्यातच झालेला असतो. माझ्यापुरता. माझ्या पैशातून वजा झालेलं ते पाकिटाचं वजन मग जातं कुठे, तर मावशींच्या ढकलगाडीत.

दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरातला केक-बिकसाठी आणलेला छोटा काटा काढला. एक किलो डाळीची रिकामी पिशवी भरली ८ ग्रॅम. मग शेठकडे जाऊन त्यांचं ५० किलोचं रिकामं पोतं मागितलं आणि तेही तिथेच तोललं. त्यांनी काही विचारलं नाही, पुण्यात गिऱ्हाईक काय वाट्टेल ते करतं याची त्यांना सवय आहे. पोतं ११० ग्रॅम. तेही प्लास्टिकचंच, पांढरं, विणलेलं. तागाचं पोतं किराणा दुकानात आता फारसं दिसत नाही. म्हणजे मी डबा नेला म्हणून प्लास्टिक शून्य झालं, असं नाही. पन्नास पिशव्यांचं ४०० ग्रॅम आणि एका पोत्याचं ११०, एवढाच तो फरक. पण ते पोतं टाकलं जात नाही. “बारदानवाला येतो ना,” शेठ म्हणाले. एकेक बारदान चार-पाच फेऱ्या करतं. मग भाजीवाल्याकडे, मग कुणाच्या तरी झोपडीच्या दाराशी पायपुसणं म्हणून. त्याला भाव आहे. कचरा आणि माल यांत फरक असलाच तर तो एवढाच.

तर, डबे. सुरुवात उत्साहानं झाली हे सांगायला नकोच. गिरणीत डबा न्यायची सवय होतीच, ती एक जागा शाबूत राहिलेली. भाजीला कापडी पिशव्या, त्याही जुन्या परकरांच्या शिवलेल्या. डेअरीत दह्याला स्टीलचं कडीचं भांडं. भेळवाल्याला डबा दिला तर तो म्हणाला, “ताई, यात किती घालू? मला कागदाचं माप कळतं.” शेवटी त्यानं आधी कागदात बांधली आणि मग डब्यात ओतली. एका मोठ्या मॉलमध्ये तर मी हरलेच. तिथे सुट्या डाळींची रांगेनं पिंपं होती, वर छान पाटी. काट्यावरच्या मुलानं डबा बघून हात मागे घेतला. “मॅडम, स्टिकर कुठे लावू?”

“डब्याला लावा.”

“पण डब्याचं वजन येतं ना बिलात.”

“मग शून्य करा आधी.”

“ते बटण लॉक आहे.”

शेवटी त्यानं डाळ प्लास्टिकच्या पिशवीत भरली, तोलली, स्टिकर लावला, पिशवी फाडून डाळ माझ्या डब्यात ओतली, स्टिकर डब्याला चिकटवला आणि पिशवी पायाखालच्या बादलीत टाकली. वर मला म्हणाला, “झालं ना आता पर्यावरण?” त्याचं काही चुकलं नव्हतं. धडा करायचा अधिकारच त्याच्याकडून काढून घेतलेला होता.

मंडईत मात्र असलं काही होत नाही. वनाजहून मेट्रोनं सिव्हिल कोर्टाला बदलून थेट मंडईच्या पोटात उतरता येतं, हे मला अजून खरं वाटत नाही. सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून माझे पाच डबे एकात एक घातलेले निघाले तेव्हा तिथली पोरगी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. “काय आहे हे?” “डबे.” “रिकामे?” “जाताना रिकामे.” तिनं सोडलं. महात्मा फुले मंडई १८८६ची, तेव्हाचं रे मार्केट. या इमारतीवरच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांनीच विरोध केला होता आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. उंच ओट्यावर, ढिगाच्या मागे बसलेली बाई काट्यातली भाजी थेट माझ्या पिशवीत रिकामी करते, वर दोन मिरच्या टाकते. तिला शून्य कचरा वगैरे काही ठाऊक नाही. पण मागच्या बाईनं मागितलीच तर ओट्याखालून पातळ, काळी पिशवी निघते. निघतेच.

राज्यात २३ मार्च २०१८ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली आणि तीन महिन्यांनी दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. ते पहिले आठ दिवस आठवतात? लोक मटण आणायला कुकरचं भांडं घेऊन रांगेत उभे होते. मटणवाल्याला इतकी भांडी एकदम बघायची सवय राहिली नव्हती, पण धडा करणं तो विसरला नव्हता. मग दिवसागणिक ढिलाई आली. किराणा मालाच्या पॅकिंगला तर थोड्याच दिवसांत सूट मिळाली. आणि बाजारात त्या नव्या पिशव्या आल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, बंदांच्या. त्या कापडाच्या नाहीतच, त्याही प्लास्टिकच्याच धाग्याच्या. पण हाताला मऊ लागतात म्हणून आपण त्या धुऊन, घडी घालून, गादीखाली जपून ठेवतो.

माझी भाची जर्मनीत शिकते. तिनं तिथल्या एका बिनपाकिटाच्या दुकानाचे फोटो पाठवले. भिंतीवर काचेच्या नळकांड्यांतून कडधान्यं, खाली दांडी, दांडी ओढली की आपल्या बरणीत धान्य पडतं. बर्लिनमध्ये २०१४ साली असं एक दुकान निघालं तेव्हा त्याच्या बातम्या जगभर झाल्या होत्या. तिथं म्हणे गिऱ्हाइकानं आधी आपली बरणी तोलायची आणि तिचं वजन बरणीवरच लिहून ठेवायचं, म्हणजे गल्ल्यावर ते वजा होतं. मला ती युक्ती आवडली. मार्कर घेऊन मी माझ्या डब्याच्या बुडाला ४१२ लिहिलं. शेठचा पोरगा तेव्हापासून बूड बघून तोलतो. आईला फोटो दाखवले. तिनं चष्मा वर करून फोन लांब धरला आणि म्हणाली, “यात बातमी काय?”

आई ८३ वर्षांची. सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात तिची हयात गेली. माझ्या डब्यांकडे ती पहिल्यापासून तिरक्या नजरेनं बघते. मला वाटायचं, आपण तिच्याच वळणावर परत चाललोय, तिला बरं वाटेल. पुडा बांधायचा दोरा गुंडाळून ठेवणारी ती, दुधाच्या बाटलीचं चंदेरी झाकण सपाट करून मला खेळायला देणारी ती. एका दुपारी मी असं काहीतरी बोलूनही दाखवलं, की तुमच्या वेळी कसं सगळं सुटं आणि स्वच्छ होतं.

“स्वच्छ?” ती म्हणाली. “अगं, रविवार म्हणजे निवडणं. तांदळात खडे, डाळीत किडे, गव्हात कुसळं. मोहरी धुऊन माती काढायची, मग ती वाळवायची. ऑफिसातून सहाला यायचं, कुकर लावायच्या आधी ताट घेऊन उजेडात बसायचं, आणि एवढं करून तुझ्या बाबांच्या दाताखाली खडा आला की सगळ्या जेवणाचा विचका. पहिल्यांदा निवडलेल्या डाळीचं पाकीट घरात आलं ना, तेव्हा मला जे वाटलं ते तुला नाही कळायचं. सुटं आणायचं बंद झालं आणि मी सुटले.”

मी गप्प बसले. वाड्यासमोरच्या दुकानात भांड्याचा धडा अगदी चिंचोक्यापर्यंत होत होता. रविवार सकाळ कुठल्या पारड्यात टाकायची, हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

तिचं एवढ्यावर थांबलं नाही. सुट्या तेलाचा विषय काढून तिनं माझं राहिलेलं अवसानही घेतलं. १९९८च्या पावसाळ्यात दिल्लीत लोकांच्या अंगाला सूज यायला लागली, साठहून जास्त माणसं दगावली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. ते बी दिसतंच मोहरीसारखं. तेव्हापासून सुट्या तेलावर सरकारची करडी नजर आहे. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनीही सुटं खाद्यतेल विकायला मनाई केली, राज्य सरकारनं सवलत दिली तरच अपवाद. म्हणजे मी लाकडी घाण्यावर स्टीलची किटली घेऊन ऐटीत जाते, ते माझ्या डोळ्यांसमोर शेंगदाणे पिळले जातात म्हणून. प्रत्येकाला घाण्यापाशी उभं राहायला सवड कुठून मिळणार? पाकीट नुसतं आळसातून आलेलं नाही, ते भीतीतूनही आलंय, आणि ती भीती खोटी नव्हती.

याची दुसरी बाजू मला मावशींनीच दाखवली. एकदा त्यांना मी उत्साहानं सांगायला गेले, की बघा, आमच्याकडून आता ती चकचकीत पाकिटं जवळजवळ येत नाहीत. त्या हसल्या. म्हणाल्या, “माझ्याच घरी येत्यात आता.” आधी त्यांच्या वस्तीतल्या दुकानात बाटली नेली की रोजचं रोज पाच रुपयांचं तेल मिळायचं, पुडीत चहा, चिमटीभर हळद. आता तेवढ्याच पैशांचं पाकीट मिळतं. चहाचं, तेलाचं, मसाल्याचं, खोबरेल तेलाचं, सगळं रोज एक-एक. ज्याला महिन्याचं एकदम भरता येतं त्याच्याकडे मोठी पिशवी येते, ज्याला येत नाही त्याच्याकडे तीस छोटी पाकिटं. आणि ती पाकिटं सकाळी पुन्हा त्यांच्याच गाडीत. एवढ्यावर भागत नाही. भंगाराच्या दुकानात त्यांचा माल तोलतात तेव्हा, पुठ्ठा ओला आहे म्हणून, पोत्याचं वजन आहे म्हणून, किलोमागे कापून घेतात. तिथला काटा त्यांच्यासमोर कुणी शून्यावर आणून दाखवत नाही.

दिवाळीत मिठाईवाल्याकडे मी यावरून भांडले, तेही सांगून टाकते. पुठ्ठ्याचं खोकं काट्यावर ठेवून त्यात तो पेढे भरायला लागला. पेढ्यांच्या भावानं पुठ्ठा विकणं बेकायदा आहे. वैधमापनवाले, म्हणजे वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं, तसं बजावत असतात. मी म्हटलं, “आधी धडा करा.” मागच्या रांगेतले एक आजोबा खूश होऊन जोरात म्हणाले, “वा!” मिठाईवाल्यानं बटण दाबलं, पण माझ्या वाटणीचे पेढे त्यानं ढिगाच्या तळातले घातले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता खुळाचा पहिला भर ओसरलाय. औषधांच्या पट्ट्या, दूध, बिस्किटं, भाचीला पाठवायच्या मेतकुटाची पिशवी, यांतलं काही माझ्याच्यानं सुटलेलं नाही. थकले की फोनवरून मागवते आणि दहा मिनिटांत दोन लिंबं कागदी पिशवीत, कागदी पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत अशी येतात. डाळ, तांदूळ, गूळ, पोहे, तेल आणि पीठ एवढं तग धरून आहे. शेठच्या दुकानात आणखी दोघी जणी डबे घेऊन येऊ लागल्या आहेत. पोरगा आता माझी वाट न बघता बुडावरचा आकडा वाचून डाळ भरतो. त्यातल्या एकीला परवा तो म्हणत होता, “ताई, धडा करून लिहून ठेवू का?” सांगायची ढब अगदी शेठची.

निवडायचं काम मी माझ्याकडे घेतलंय. शेठकडची डाळ स्वच्छ असते, पण सुटी ती सुटीच. गेल्या रविवारी गॅलरीत ताट घेऊन बसले होते. आई पेपर वाचायचं सोडून शेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं तिचं बोट आपोआप ताटात आलं. डाळ पुढे सारायची, मागे ओढायची, मध्येच थबकून एक दाणा उचलायचा. पाच मिनिटांत तिला दोन खडे सापडले, मला एकही नाही. ते तिनं पेपरच्या कडेला ओळीनं मांडले.

मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. उचलला, उलटा केला, बुडाचा आकडा वाचला. सरळ केला. “याच्या झाकणाची मूठ कुठाय?”

“ती निघाली की. दिवाळीच्या आसपास. मोलकरणीच्या हातून पडलं होतं झाकण.”

“आणि हे ४१२ कधीचं?”

मी काही बोलले नाही. तिनंच स्वयंपाकघरातला काटा मागवला. रिकामा डबा, मूठ नसलेल्या झाकणासकट, ३९८.

“चौदा ग्रॅम,” आई म्हणाली. “दर खेपेला चौदा ग्रॅम डाळ तू त्या माणसाची फुकट आणतेस. दिवाळीपासून किती खेपा झाल्या?”

मी बोटांवर मोजायला लागले. ती पेन आणायला उठली.